घरचा डबा शेवटी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी जांभई देत होते. साधीसुधी नाही. सकाळपासून थोडी थोडी साठवलेली, डोळ्यांत पाणी आणणारी, कानात टिक् वाजवणारी. ती संपली, मी डोळे उघडले, तर समोर स्टीलचा डबा धरून एक माणूस उभा. हसत नव्हता. कीर्तनाला बसल्यासारखा गंभीर चेहरा करून माझी जांभई शेवटपर्यंत ऐकत होता.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली."

"मंग शेवया करून द्या."

पाऊस पडत नव्हता. वारा सुटला नव्हता. मे महिन्यातली दुपार होती आणि पंखा आमच्याकडे पाठ करून फिरत होता.

राजूरला गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नारळ-फुलांची एक्केचाळीस दुकानं आहेत आणि शेवयांचं मशीन एक. ते आमचं. बायका डब्यात रवा-मैदा आणतात, डबे रांगेत लावतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. मी झाकणांवर खडूनं नावं लिहिते. माणसं घरी, डबे नंबरात. नियम एकच : गिऱ्हाईक आधी, घरचा डबा सगळ्यात शेवटी. पूर्वी गर्दी असायची तेव्हा आमच्या घरच्या शेवया व्हायला पाऊस तोंडावर यायचा. यंदा घरच्या डब्याचा नंबर दुपारी बारालाच लागायला लागला. यावरून धंदा ओळखा.

दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निकाल देऊन टाकला होता. "चतुर्थीच्या आत रोजचे धा डबे झाले तर ठीक. न्हाई तर मशीन घनसावंगीच्या तातेरावला, अन् इथं नारळाचं दुकान."

बेचाळिसावं.

नारळाशी माझं वैर नाही. पण हे मशीन मी चालवते. पट्टा तुटला तर मीच बसवते. आणि त्याचा आवाज इतका मोठा आहे की ते चालू असताना माझ्या लग्नाचं कुणी काही विचारलं तर मला ऐकू येत नाही. मशीन गेलं असतं तर मी दिवसभर नुसती दादांची, म्हणजे सांडूभाऊंची, पोरगी राहिले असते, आणि ते काम फार थकवतं.

तर तो माणूस. झाकणावर लिहायला मी नाव विचारलं.

"गोरक्षनाथ. हसनाबाद."

"हसनाबादहून इथं? तिकडं मशीन न्हाई?"

"बंद पडलं."

"कामून?"

"बिलकुल बंद पडलं," तो म्हणाला, आणि हेच कारण असल्यासारखं त्यानं डबा पुढं सरकवला.

दोन दिवसांनी तो दुसरा डबा घेऊन आला. मग तिसरा. माझ्या रोजच्या तीन डब्यांतला एक त्याचा असायचा.

"घरी किती माणसं तुमच्या?"

"दोघं. मी अन् आई."

"अन् एवढ्या शेवया?"

"आईला आवडतात."

तो लग्नाची शूटिंग करायचा. पण हा धोंड्याचा महिना, अधिकमास. या महिन्यात जावयांना जेवायला बोलावतात, नवे जावई मात्र कुणी करत नाही. "कॅमेरा नुसता बसून राह्यलाय," तो म्हणाला. "तुमच्या मशीनसारखा. एक सांगू का... रील टाका."

"काय टाकू? मशीन फिरतं. शेवई पडते. गोष्ट संपली."

"पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पायजे. मंग पुढचं आपोआप."

"दुकानासमोर तीन वर्षांत कुणी थांबलं न्हाई. हे तीन सेकंदांत थांबतील?"

"मी थांबलो की," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे... डबा होता हातात."

अशा रीतीनं आमचं मार्केटिंग सुरू झालं.

पहिल्या रीलमध्ये मी कॅमेऱ्याकडं बघून "नमस्कार मंडळी" म्हणाले आणि पुढचं सगळं विसरले. त्रेचाळीस जणांनी बघितली. त्यातल्या एकोणतीस वेळा आई होती. दुसऱ्या रीलमध्ये माहिती होती : भाव, वेळ, पत्ता, स्वच्छता. ती अकरा जणांनी बघितली आणि एकानं खाली लिहिलं, 'ताई, बोअरवेल करता का?' तिसऱ्यात गोरक्षनाथनं मशीनच्या आवाजावर सध्या गाजणारं गाणं बसवलं. गाणं हरलं.

"फोन उभा धरायचा. उजेड तोंडावर. बोलायचं कमी, हात दाखवायचे," तो शिकवायचा. "अन् रोज टाकायची. दमलो म्हणून सुट्टी न्हाई."

"मी तर जन्मापासून दमलेय."

"दिसतं ते. चांगलं दिसतं."

मी मान वर केली. तो लेन्स पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

मशीनमधून शेवया पडद्यासारख्या खाली उतरतात. त्या काठीवर घेऊन वाळत टाकायच्या. काठीचं एक टोक मी धरायचे. कधीपासून कोण जाणे, दुसरं तो धरायला लागला. मधे तो पांढरा, ओला, हलणारा पडदा, आणि पलीकडं त्याचे डोळे तुकड्यातुकड्यांत दिसायचे. एकदा त्यानं स्वतःच्याच भुवईला बोट लावलं. मी माझी भुवई पुसली.

"दुसरी."

दुसरी पुसली. पीठ गेलं.

"आता बराबर."

एवढंच. पण तो पुढं काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मशीनमुळं असेल, म्हटलं. मशीन बंद होतं.

चतुर्थीला पाच दिवस उरले तेव्हा रोजचे डबे झाले होते चार. मोजले तर साडेतीन, कारण गोरक्षनाथ अर्धाच भरून आणायला लागला होता. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'नवी रील पाठवली हाय. शेवटपर्यंत बघा. मंग सांगा, टाकू का न्हाई.'

मी पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते. बोटांना पीठ, डोळ्यांत झोप. 'शेवटपर्यंत' हा शब्द वाचूनच दमले. रील न उघडता लिहिलं : 'छान. टाका.'

त्याचं उत्तर आलं. नुसतं : 'नक्की?'

'हो हो,' मी लिहिलं.

सकाळी शटर वर केलं तर बाहेर बायका उभ्या. हातात डबे. अकरा मोजले आणि पुढचं मोजायचं सोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी जांभईचं नव्हतं.

देवळामागच्या दुर्गाबाई सगळ्यांच्या पुढं आल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"काय गं माय, धोंड्याच्या महिन्यात लगीन? असली काय घाई झाल्ती?"

"कुणाचं?"

"आता गं बया! कुणाचं म्हणती!"

त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. रीलमध्ये मी होते. जांभई देत. अकरा सेकंद, स्लो मोशनमध्ये. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मागं शहनाई. माझ्या दाढेजवळून दोन सोनेरी कबुतरं उडाली. मग शेवयांचा पडदा बाजूला झाला आणि अक्षरं उमटली : 'चि. गोरक्षनाथ आणि चि. सौ. कां. रेणुका.' त्याखाली 'शेवयांच्या ऑर्डरसाठी संपर्क' आणि माझा नंबर.

दोन लाख लोकांनी बघितली होती. दोन लाख लोकांनी माझी जांभई शेवटपर्यंत बघितली. आमच्या घरात माझं एक वाक्य कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

"यायचंच होतं तर म्हणलं रवाबी घेऊन जावं," एक बाई म्हणाली. दुसरीनं आहेराचा तांब्या आणला होता. मी लग्न नाही म्हटल्यावर तिनं तो परत पिशवीत टाकला, मग विचार करून पुन्हा काढला. "ठिव. महिना संपल्यावर कामी येईल."

याच मुहूर्तावर तातेराव टेप घेऊन मशीनची लांबी मोजायला आले. याच मुहूर्तावर आई आली, दादा आले. आणि याच मुहूर्तावर गोरक्षनाथ आपला डबा घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट घालून. डोळे लाल, चेहरा मात्र दिवाळीचा. त्यानं शिस्तीत डबा रांगेत लावला. सोळावा नंबर. मी सवयीनं झाकणावर नाव लिहिलं आणि मग मला आठवलं की मला राग आलेला आहे.

आता आई ओरडणार म्हणून मी शटरला धरून उभी राहिले.

आईनं त्याला खालून वर बघितलं. तिचं नाव आसराबाई. तिनं एकदा बघितलं की माणूस खिशातलं सगळं काढून दाखवतो.

"देवक कोणतं तुमचं?" तिनं विचारलं.

आमच्याकडं प्रेमाचं नंतर बघतात. दोन्हीकडचं देवक एक निघालं की विषय तिथंच संपतो.

"येगळं हाय, मामी," गोरक्षनाथ एका दमात म्हणाला. "आमचं उंबर. तुमचं कळंब."

"तुला आमचं कसं ठावं?"

"इचारून घेतल्तं."

"कधी?"

"दिवाळीत."

मी हिशेब केला. दिवाळी ऑक्टोबरात. हा माणूस दुकानात आला मेमध्ये.

"जरा आत या," मी म्हणाले.

आत म्हणजे वाळत घातलेल्या शेवयांच्या मागं. तिथून अख्ख्या राजूरला आमचे पाय दिसत होते.

"हसनाबादचं मशीन?"

"चालू हाय."

"कुठं हाय ते?"

"आमच्या घरासमोर," तो म्हणाला. "दाराला दार."

"अन् त्या सगळ्या शेवया?"

"पलंगाखाली. आई म्हणती, येक तर ती पोरगी आण, न्हाई तर दुसरं कायतरी खायला आण."

मी हसणार नव्हते. हसले नाही. ओठ चावला.

त्यानं फोन काढला. माझ्या मामेबहिणीचं, शालूचं, मागच्या उन्हाळ्यातलं लग्न. पुढं नवरा-नवरी. मंगलाष्टकं चाललेली, सगळे अक्षता टाकताहेत, आणि मागच्या रांगेत, हिरव्या साडीत, मी. अशी जांभई की शेजारच्या मावशीनं अक्षता थांबवल्या होत्या.

"सगळा मांडव हसरं तोंड करून उभा होता," तो हळू म्हणाला. "तुम्ही एकट्याच खरं वागून राह्यल्या होत्या. एडिटिंग करताना कापायला गेलो... हात झाला न्हाई."

"अन् रील? ते शेवटचं पान?"

"ते तुमच्यासाठी होतं. तोंडानं होईना माझ्यानं. म्हणलं, न्हाई म्हणल्या तर पान काढून टाकू, म्हणू लग्नाच्या टेम्प्लेटमधलं चुकून राह्यलं. पण तुम्ही 'छान, टाका' म्हणल्या. मी 'नक्की' बी इचारलं. तुम्ही दोनदा 'हो' लिहिलं... मी झोपलोच न्हाई मंग." तो थांबला. माझ्याकडं बघितलं. "तुम्ही बघितलीच न्हाई ना ती?"

"न्हाई," मी म्हणाले. "दमले होते."

त्याच्या चेहऱ्यावरची दिवाळी एकेक पणती करून विझत गेली. शेवयांच्या फटींतून ते सगळं नीट दिसत होतं. बघू नये असं वाटलं तरी.

"काढतो मी ती," तो म्हणाला. "बाहेर सांगतो, चूक माझी. तुमचं नाव खराब न्हाई होऊ देणार. डबे जातील थोडे... त्याचं काय करावं ते..."

वाक्य अर्धंच राहिलं. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं, ते तो उगाच झटकत बसला. खरं बोलायला ताकद लागते, आणि माझी सगळी शटर उघडण्यात गेली होती.

मी बाहेर आले. डबे आता रस्त्यापर्यंत गेले होते. चौतीस. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तातेराव टेप लांब धरून उभे होते, जणू माझंच माप घ्यायचं आहे.

मी सोळावा डबा उचलला. ओढणीनं झाकणावरचं 'गोरक्षनाथ, हसनाबाद' पुसलं. खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'घरचा.'

मग तो डबा घेऊन रांगेच्या कडेकडेनं चालत गेले आणि पार शेवटी, चौतिसाव्याच्या मागं, ठेवून आले.

"अगं माय," दुर्गाबाई कळवळल्या, "पोराचा नंबर गेला की!"

"घरचा हाय, मावशी. शेवटी."

गोरक्षनाथ पडद्यामागून बाहेर आला. शेवटपर्यंत चालत गेला. वाकून झाकण वाचलं. मग पुन्हा वाचलं, काहीतरी लांबलचक लिहिलेलं असल्यासारखं.

"लई टाइम लागंल," तो तिथूनच ओरडला. आवाज फाटला.

"लागंल," मी म्हणाले. "अन् रील राहू द्या."

"थांबतो मी."

तातेरावांनी टेप गुंडाळला. दादा रांग मोजत मोजत पुढं गेले, दहाला थांबले, घसा साफ केला आणि नारळाबद्दल काहीच बोलले नाहीत. मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. आई माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारत होती, बहुतेक महिना कधी संपतो ते. मला ऐकू आलं नाही.

पार टोकाला, उन्हात, गोरक्षनाथ डब्याशेजारी उकिडवा बसला होता. रात्रभराची झोप त्याच्या तोंडावर आली. त्यानं हात आडवा धरायचा प्रयत्न केला, पण ती मोठी होती, हातात मावली नाही.

मी काठी धरून उभी राहिले आणि ती जांभई शेवटपर्यंत बघितली.