शहाण्णव ठोके

बायको राजम गेल्याचं सांबशिवना कळलं तेव्हा ते तिच्यासाठी रवा भाजत होते. फोन मेडिकल कॉलेजातून होता. "मॅडम कॉरिडॉरमध्ये पडल्या. आम्ही खूप प्रयत्न केले." रवा जळाला तरी ते फोन धरून उभे होते.

दिवसकार्य उरकल्यावर ते तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वरुणरावांकडे आले. वरुणराव खासगी तपास करत. त्यांचे मेव्हणे तुकोजी सगळीकडे बरोबर असत.

"दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलंय," वरुणराव म्हणाले. "तुम्हाला शंका कसली?"

"शंका नाही अण्णा. कुणी वेळेवर धावलं का, एवढंच कळू दे. तेवढ्यासाठी मला झोप नाही."

राजम शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. नाटकाची हौस होती. कॉलेजच्या स्किल्स लॅबमध्ये त्या आजाऱ्याचं सोंग घेत. विद्यार्थी त्यांना तपासत आणि परीक्षक गुण देत.

"घरी आणल्या तेव्हा कशा होत्या?"

"सकाळी गेली तशीच. तिचा हात मागे पोचत नसे, म्हणून पदराची पिन मी लावायचो. खांद्यामागे, आतल्या बाजूनं. ती तशीच होती. मीच काढली."

"साडीचं काय घेऊन बसलात मामा," तुकोजी म्हणाले. "कापी प्या."

वरुणरावांनी कापी घेतली नाही.

लॅबची खोली लांब होती. पडदे ओढलेले, एसीचा गारठा. चादरींखाली रबरी धडं झोपवली होती. फळीवर सुई टोचायचे सुटे हात ओळीनं ठेवले होते. तुकोजी दारातच थांबले.

परीक्षक डॉक्टर गिरीश घाईत होते. बोलताना एक डोळा मोबाईलवर.

"त्या दिवशी सोंग कसलं होतं?"

"बेशुद्धीचं. खुर्चीत मान खाली, डोळे मिटलेले, काही बोलायचं नाही. फार छान करायच्या."

"मग?"

"परीक्षा संपली. त्या उठल्या, चालत कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि कोसळल्या. मी स्वतः छाती दाबली. मशीनचे शॉक दिले. मोठे डॉक्टर आले तोवर संपलं होतं."

"बरोबर कोण होतं?"

"विद्यार्थी गेले होते. मी एकटाच." मोबाईल वाजला. ते उत्तर लिहू लागले.

नित्या ही दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिचा नंबर शेवटून दुसरा होता.

"मी मनगट धरलं सार, तर त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली. मी घाबरले. गिरीश सार म्हणाले, ॲक्टिंग आहे, पुढे चल."

"नाडी किती लागली?"

"शहाण्णव."

"मोजलीस?"

"मोजत नाहीत सार. सोंग घेणारा माणूस धडधाकट असतो, त्याच्या नाडीचा काय उपयोग? आपण बोटं ठेवायची, सार कागदावरचा आकडा सांगतात. तोच धरायचा."

तिच्यानंतर आत गेला होता विघ्नेश. तो रबरी धडासमोर गुडघे टेकून बसला होता. त्यानं धडाचा शर्ट उघडला, मशीनचे पॅड छातीवर चिकटवले आणि छाती दाबायला लागला.

"तंबी, शर्टावरूनच लाव की," तुकोजी म्हणाले. "त्याला कसली लाज?"

"कपड्यावर लावलं की नापास, सार. मी त्या दिवशी आधीच नापास झालोय."

"कशात?" वरुणरावांनी विचारलं.

"नाडीत. लागत नाही म्हणालो. गिरीश सार म्हणाले, शहाण्णव आहे, बोटं नीट ठेव. पुन्हा ठेवली. नाहीच लागली. म्हणाले, दुसरं वर्ष चालू आहे आणि नाडी सापडत नाही, तू जनावरांचा डॉक्टर हो."

"हात थंड होता?"

"एसीत सगळ्यांचेच असतात."

वरुणराव त्याच्याकडे बघत राहिले. मग बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते सांबशिवना घेऊन गिरीशच्या केबिनमध्ये शिरले. तुकोजींनी दार लावलं.

"डॉक्टर," वरुणराव म्हणाले, "शॉक द्यायला छाती उघडी करावी लागते. पोरांना तुम्हीच शिकवता. राजमबाईंचा पदर मात्र पिनेसकट जागेवर होता. ही पिन यांनी सकाळी लावली आणि यांनीच काढली."

"नंतर कुणी नीट केलं असेल."

"कुणी? तुम्ही म्हणता तुम्ही एकटेच होतात. खांद्यामागची पिन आतून तशीच लावून ठेवलीत? तुम्ही त्यांना हातच लावला नाही. लावून उपयोग नव्हता, हे तुम्हाला तेव्हा कळलेलं होतं."

गिरीशनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"मग बाई गेल्या कुठे?" तुकोजींनी विचारलं.

"खुर्चीत," वरुणराव म्हणाले. "सोंग निपचित पडण्याचं, त्यामुळे खरं दुखणं कुणाला दिसलं नाही. नित्याची बोटं आवळली ती मदतीसाठी. विघ्नेश आला तेव्हा नाडी नव्हती. तो खरं तेच बोलला. पण तुम्ही मोबाईलमधून मान वर केली नाहीत, डॉक्टर. मेलेल्या बाईला शहाण्णव ठोके दिलेत आणि पोराला नापास केलंत. पुढे त्या कॉरिडॉरमध्ये चालत गेल्या नाहीत. तुम्ही नेलंत."



"उठा म्हणालो," गिरीश शेवटी म्हणाले. "दोनदा म्हणालो. मला वाटलं, अजून सोंगच चाललंय."

सांबशिव त्यांच्याकडे बघत नव्हते. "मुलीचा हात धरला तेव्हा वाचली असती?"

"सांगता येत नाही," वरुणराव म्हणाले. "पण औषधं, मशीन, डॉक्टर, सगळं त्याच खोलीत होतं."

"म्हणजे धावायला माणसं होती."

"होती."

सांबशिवनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "पोरांना माहीत आहे?"

"नाही. त्यांना कॉरिडॉरचीच गोष्ट सांगितली आहे."

त्याच दुपारी पोलिसांत फिर्याद नोंदवली गेली. नित्या आणि विघ्नेशला मात्र, आपण त्या दिवशी कुणाचा हात धरला होता, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.