परत आलेल्यांची वही

"थांबा, माझ्या बुटानं जबडा उघडलाय," चिमटी म्हणाली.

कड्याचं टोक अजून तासभर दूर होतं, पण बुटाचा सुटलेला तळ दोरीनं बांधला तरी फटफटत राहिला.

"तरी मी म्हणत होतो, शेंडेफळाला घरी ठेवा," दुर्बीण कुरकुरला. गळ्यातली दुर्बीण तो झोपतानाही काढत नसे, म्हणून त्याचं तेच नाव पडलं होतं. थोरल्या ताईनं दोघांनाही माघारी वळवलं. सुट्टीत मामाकडे आलेली ती तीन भावंडं दुपारी तीनच्या सुमारास जंगलाच्या फाटकाशी पोहोचली.

फाटकालगतच्या खोलीत मामाची नोकरी होती. वर जाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं आणि तो उतरला की 'परत' या रकान्यात वेळ टाकून त्याची सही घ्यायची. मामा जागेवर नव्हता. वही मात्र उघडी होती.

"आपली वेळ टाकू या," म्हणत ताई वाकली आणि तशीच थिजली.

त्यांच्या नावांपुढे लिहिलं होतं: परत, ५.१०. शेजारी ताईची सही होती, तिनं कधीच न केलेली.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. चिमटीनं स्वतःचा दंड चाचपला. "म्हणजे आपण अजून यायचे आहोत?"

कुणी हसलं नाही. त्या दिवशी वर गेलेलं चौथं नाव गावातल्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचं होतं. एकट्या, घळीची वाट, येण्याचा अंदाज बारा. पुढे नेटक्या अक्षरात: परत, १२.१०.

दुर्बीण खिडकीशी गेला. "ताई, सकाळी लावलेली बाईंची सायकल अजून इथंच आहे."

छपराखाली ती सायकल मालकिणीची वाट पाहत मुकाट उभी होती. डोंगरावरून धुकं उतरू लागलं होतं.

चहाचा पेला घेऊन मामा आला. वहीभोवतीची तीन डोकी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"अरे, रोज सगळे येतातच. जेवणानंतर एकदम लिहून टाकतो, एवढंच."

"मामा, वहीप्रमाणे आम्ही पाच-दहाला आलो," ताई शांतपणे म्हणाली. "मग आता तुझ्यासमोर कोण उभं आहे?"

मामानं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. फाटकाच्या खांबाला पितळी घंटा होती. कुणी वेळेत उतरलं नाही, तर ती वाजवायचा नियम होता.

"घंटा वाजली की साहेब येतील, वही बघतील. माझी नोकरी जाईल. तासभर थांबू या ना."

"बाईंना शोधायला कुणी जाणारच नाही, मामा. वहीत त्या घरी पोहोचल्यात." बोलता बोलता ताईनं चिमटीला डोळ्यानं खुणावलं.

मामा पुढचं वाक्य जुळवत असतानाच बाहेर घंटेचा पहिला टोल पडला. स्टुलावर चढलेली चिमटी दोरीला अक्षरशः लोंबकळत होती.

वनाधिकारी आणि दोन रक्षक धावत आले. मामानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मग कुणी न सांगता त्यानं दोरखंड खांद्यावर टाकला आणि सर्वांत पुढे घळीची वाट धरली.

घळीच्या वळणाखाली दोन दगडांत पाय अडकून बाई बसल्या होत्या. हाका मारून त्यांचा आवाज गेला होता. सोबत गेलेल्या दुर्बीणला धुक्यात आधी दिसला तो फक्त बाई हलवत असलेला चित्राचा पांढरा कागद.

सहा वाजून वीस मिनिटांनी त्यांना फाटकाच्या आत आणलं. बाईंनी सही केली आणि चिमटीला जवळ ओढलं.

"तुमच्या बुटानं आज एक जीव वाचवला," अधिकारी भावंडांना म्हणाले, "आणि तुमच्या डोळ्यांनीही. या खोलीतल्या मोठ्या माणसाला ते जमलं नाही." मग ते मामाकडे वळले. "तुमचं काय करायचं, ते उद्या ठरवू."

मामानं सगळ्या खोट्या वेळा स्वतः खोडल्या. चिमटीनं पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीत सावकाश लिहिलं: मामा, घळीची वाट, परत ६.२०.

"सही तूच कर," ती म्हणाली.