अर्ध्या सुराची चूक

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी कानासाठी गेले होते, तो घशासाठी. सत्तावीस वर्षांनी गाठ पडायची ती कुठे, तर नंबर लावून बसलेल्या रांगेत.

"चष्मिश...?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. खरखरीत झाला होता, पण ओळखायला मला कान तपासून घ्यायची गरज नव्हती.

"केस कुठे गेले तुझे?" मी विचारलं.

"गाण्याबरोबर गेले."

तो आमच्या रॉक बँडचा गायक. 'आमच्या' म्हणायची मला जुनी खोड. खरं तर मी काचेपलीकडे बसून त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग करणारी मुलगी – चोवीस वर्षांची आणि त्याच्यावर नको इतकी भाळलेली. पुढे माझं लग्न झालं, मोडलं. त्याने केलंच नाही. "माझा आरडाओरडा रोज कोण ऐकणार?" म्हणे.

"एक शेवटचा अल्बम करतोय," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगला ये ना. काचेमागे तूच छान दिसायचीस."

"आणि आता?"

"आता... काच पुसून बघावी लागेल."

मी चक्क लाजले. या वयात शोभतं का? पण गेले, आणि पुन्हा काचेमागे बटणांपुढे बसले.

नऊ गाणी झकास झाली. दहावं, ज्याने त्यांचं नाव झालं ते जुनं गाणं, नव्याने गायचं होतं. वरच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. पुन्हा फाटला. अकराव्यांदा फाटल्यावर त्याने हेडफोन काढून ठेवले.

"बास. ज्याला स्वतःचं गाणं गाता येत नाही, त्याने अल्बम काढू नये. गुंडाळा सगळं. मी गाणं सोडतोय."

आवाज का फाटतोय, ते फक्त मला ठाऊक होतं. मी उठून आत गेले.

"तू हे गाणं इतक्या वर कधी गायलाच नाहीस," मी म्हटलं. "त्या दिवशी टेपच्या मशीनचा वेग माझ्याकडून कमी राहिला. नंतर टेप नेहमीच्या वेगाने वाजवली, तर अख्खं गाणं अर्धा सूर वर चढलं. तुम्हाला वाटलं, गिटारीच चढ्या लागल्या होत्या. मग प्रत्येक कार्यक्रमात तुम्ही तारा चढवून वाजवत राहिलात. मला सांगायची लाज वाटली. मी नोकरीच सोडली."

"म्हणजे हा इतकी वर्षं उगाच कोकलतोय?" ड्रम वाजवणारा ढोल्या म्हणाला.

गाणारा मात्र हसला नाही. "तू इतकी काटेकोर... चुकलीस कशी?"

"टेप सुरू करताना तू माझ्याकडे बघून हसलास. वेग तपासायचा राहून गेला. प्रेमात होते मी तुझ्या – झालं? आता काय रागवायचं ते रागव."

त्याने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. मग हळूच म्हणाला, "तारा उतरवा रे."

तो गायला. त्या खालच्या, भरदार आवाजात गाणं पहिल्यांदाच त्याच्या अंगाला बसलं. वरची ओळ अलगद आली. मी परत काचेमागे बसून एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसरा बटणांवरून हलवत नव्हते.

गाणं संपल्यावर तो माझ्या खोलीत येऊन बसला. घोटभर पाणी प्याला.

"तू न सांगता गेलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, मी बघितलेलं तुला आवडलं नाही. म्हणून विचारलंच नाही काही."

मला एकदम रडू फुटलं. एवढ्याशा चुकीपायी केवढी वर्षं गेली आमची...

"रागवायला हवं खरं," तो म्हणाला. "पण त्यात आणखी वेळ नको घालवायला. माझ्याबरोबर राहशील?"

भिंतीवरच्या स्पीकरमधून ढोल्या खाकरला. "अगं चष्मिश, तुझा माइक चालू आहे. सगळं ऐकू येतंय आम्हाला."

माझी कानशिलं तापली. पण या वेळी मी गप्प बसणार नव्हते. माइक जवळ ओढला.

"मग नीट ऐका," मी म्हटलं. "मी हो म्हणतेय."