बंपरखालची फळी

दारातून आधी बंपर आत आला. नुसता बंपर! निळा, एका कोपऱ्यात चिरलेला. खाली दोन पाय, आणि त्या पायांतले बूट पावसात असे भिजलेले की प्रत्येक पावलाला पचक पचक वाजत होते.

जानसेतनं लाकूड कोरायचं मशीन बंद केलं. धूळ लागू नये म्हणून लावलेला चष्मा कपाळावर सरकवला.

"या बंपरराव," ती म्हणाली. "चहा घेणार की ऑइल?"

"चहा," बंपरमागून आवाज आला. "पण आधी हे कुठे ठेवू ते सांगा हो, हात तुटायला आलेत."

"आणि गाडी?"

"बाहेर उभी आहे. बंपरशिवाय. लाजतेय बिचारी."

जानसेतला हसू आलं, आणि तिनं ते मुळीच लपवलं नाही. बंपर भिंतीला टेकला, तेव्हा कुठे मुलगा दिसला. ओले केस, लांब नाक, आणि डोळे असे की समोरच्या माणसाचं माप घेतायत असं वाटावं... आणि ते खरंच होतं, कारण हा पठ्ठ्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अर्धा मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून अर्ध्या मिलिमीटरवर जगणारा माणूस.

"मला बारा मिलिमीटरचा प्लाय हवाय. बर्चचा. गाडीच्या नाकाखाली लावायचाय. त्याला स्प्लिटर म्हणतात."

"म्हणजे गाडीला ओठ?"

"खालचा ओठ. असा, रुसलेला." त्यानं स्वतःचाच ओठ पुढे काढून दाखवला. "समोरचा वारा त्याच्यावर बसतो, गाडीचं नाक खाली दाबून धरतो. मग वळणावर पुढची चाकं घसरत नाहीत. एप्रिलमध्ये घाटाची शर्यत आहे ना, तिच्यासाठी."

"रुसलेल्या ओठानं गाडी घसरत नाही," जानसेत म्हणाली. "हे मला माहीत नव्हतं."

"माणसं घसरतात," तो म्हणाला. आणि स्वतःच लाल झाला!

मागच्या करवतीवरून तिचे वडील, झकेरिया काका, हात झटकत पुढे आले. "कुणाचा मुलगा तू?"

"इनाल. इनाल इद्रिस."

"अदिगे? आपल्यातला?"

"हो काका. आजोबा सरहद्दीपलीकडच्या कुनैत्राहून आले, सदुसष्टच्या युद्धात."

"हं," काका म्हणाले, आणि परत करवतीकडे गेले. आमच्या वादी सीरमध्ये, पिढ्यांपूर्वी डोंगरांपलीकडून येऊन वसलेल्या आम्हा अदिगे लोकांच्या वस्तीत, मोठी माणसं अशीच. तरुण मुलामुलींनी चारचौघांत एकमेकांची थट्टा केली तर कुणी डोळे वटारत नाही, उलट ज्याला थट्टा जमत नाही त्याचीच कीव करतात. काकांनी करवत सुरू केली ती मुद्दाम जरा जास्तच मोठ्या आवाजात.

मग काय, दर गुरुवारी दुपारी इनाल हजर.

पहिल्या गुरुवारी पुठ्ठा घेऊन. गाडी दुकानासमोर उभी करून बंपर जागेवर चढवला, काठाकाठानं ओळंबा सोडत जमिनीवर खडूनं टिंबं काढली, टिंबं जोडून पुठ्ठा कापला. दुसऱ्या गुरुवारी दुसरा पुठ्ठा, कारण पहिला डावीकडे दोन मिलिमीटर जास्त होता. तिसऱ्या गुरुवारी तिसरा पुठ्ठा, कारण — ऐका हं — कारण दुसरा अगदी बरोबर होता, आणि इतकं बरोबर कसं आलं याचाच त्याला संशय!

"तू फळी बनवतोयस की नातवंडांना गोष्ट सांगायला काहीतरी जमवतोयस?" जानसेत म्हणाली. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"घाई केली की फळी पहिल्याच स्पीडब्रेकरला जाते."

"आणि ती लटकवणार कशाला? ह्या बंपरला?" तिनं बोटानं निळं प्लास्टिक दाबलं. ते आत गेलं, परत बाहेर आलं. "हा तर दह्याचा डबा आहे."

इनालचे डोळे चमकले. "तेच तर! सगळे तिथेच चुकतात. बंपर नुसता चेहरा असतो. वजन चेहऱ्यावर नाही टाकायचं. मागचा काठ गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं पक्का, पुढे बंपरच्या आत जो लोखंडी दांडा असतो ना, त्यावरून दोन सळ्या खाली. आणि बंपरला आतून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा आधार, म्हणजे वाऱ्यानं तो दबणार नाही. मग त्या फळीवर माणूस उभा राहिला तरी हलायला नको."

"माणूस कुठला?"

"वजन किती तुझं?"

"इनाल!"

"शास्त्र आहे शास्त्र..."

मार्चमध्ये पहिली साधी फळी बसली, तशी जानसेत तिच्यावर उभी राहिली. खरंच. एक हात बॉनेटवर, दुसरा... दुसऱ्याला धरायला काहीच नव्हतं, म्हणून इनालनं आपलं मनगट पुढे केलं. हात नाही, मनगट. तिनं दोन बोटांनी धरलं. गाडीचं नाक जरासं झुकलं, फळी तसूभर हलली नाही. रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानं शिट्टी मारली. समोरच्या बदामाच्या पाकळ्या वाऱ्यानं उडून बॉनेटवर येत होत्या.

"उतर आता," इनाल म्हणाला, पण मनगट काही मागे घेतलं नाही त्यानं.

"शास्त्र पूर्ण होऊ दे ना," ती म्हणाली.

आणि त्याच दुपारी, चहाच्या ग्लासात मरामीयाची सुवासिक पानं चमच्यानं ढवळत, ग्लासाकडेच बघत तो म्हणाला, "शर्यत झाली की माझा अजून एक बेत आहे. मुलगी पळवायचीय."

आता पळवणं म्हणजे तसलं नाही हं! आमच्यात मुलीला विचारून, ठरवून पळवतात. बरोबर एक मित्र असतो, मुलीला सरळ कुणा मानाच्या वडीलधाऱ्याच्या घरी नेऊन पोचवायचं, आणि त्याच संध्याकाळी चार मोठी माणसं तिच्या बापाकडे निरोप घेऊन जातात. बाप दोन दिवस रागावल्यासारखं करतो, मग लग्न. पूर्वी घोड्यावरून पळवायचे, आता गाडीतून. जिच्या बापाची हरकत नसते तीसुद्धा हौसेनं पळते.

"कोण अभागी?" जानसेतनं विचारलं. तिचा आवाज नीट आला, पण आधीच गोड असलेल्या चहात तिनं आणखी दोन चमचे साखर घातली.

"आहे एक. लाकडाचा भुसा असतो तिच्या केसांत. जीभ करवतीपेक्षा धारदार."

"नाऊरला नेणार? तुझ्या थोरल्या मामांकडे?"

"तुला कसं माहीत?"

"वाटेत चौदा स्पीडब्रेकर आहेत. मी मोजलेत." ती बोलून गेली. मागे करवत केव्हाच बंद झाली होती, काका दुकानात नव्हतेच, तरी दोघं कुजबुजत होती. "शनिवारी," ती म्हणाली. "शर्यत शुक्रवारी. शनिवारी मी बूट घालून तयार राहीन."

असे ते दिवस. आणि ते तिथेच थांबले असते तर!

शर्यतीच्या आधीच्या सोमवारी इनाल अवेळीच आला. खिशातून चार घड्यांचा पातळ कागद काढला. "खऱ्या फळीवर मधोमध हे कोरायचं. आजोबांच्या घोड्यांवर घराण्याची खूण म्हणून उमटवायचे तो डाग. कुनैत्राहून निघताना त्यांनी खोगिराचा एक तुकडा तेवढा उचलला, बाकी सगळं तिथेच राहिलं. परवा मी त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलं. त्यांनी फार जपलंय गं. शर्यतीत दिसलं तर..." तो नुसता हसला.

जानसेतनं कागद उलगडला.

एक गळासारखा आकडा, वर बकऱ्यासारखी दोन शिंगं, डावं जरासं आखूड. खाली एक गोल टिंब.

"छान आहे," ती म्हणाली. "ठेवून जा."

तो गेला. ती मशीनपाशी उभीच राहिली. तिच्या घरात, तिच्या खोलीत, रजया ठेवायची अक्रोडाच्या लाकडाची पेटी होती, पणजोबांची. झाकणावर तापल्या लोखंडानं उमटवलेला डाग होता. लहानपणी ती त्याच्या टिंबात बोट घालून बसायची.

संध्याकाळी तिनं कागद त्या झाकणावर ठेवला. रेघेवर रेघ बसली. आखूड शिंगावर आखूड शिंग.

आमच्यात एका डागाची माणसं म्हणजे सख्खी भावंडं. किती पिढ्या मागे ते विचारायचं नाही, मध्ये देश आले की डोंगर आले ते विचारायचं नाही. एका डागात लग्न होत नाही. झालेलं कुणी ऐकलेलं नाही.

"बाबा," कागद हातात तसाच घेऊन तिनं स्वयंपाकघरात विचारलं, "आपला डाग दुसऱ्या कुठल्या घराण्याचा असू शकतो?"

काका चीज चिरत होते. "दोन घराण्यांचा एक डाग? मग घोडा कुणाचा ते कसं कळणार?" चिरता चिरता ते थांबले. "माझ्या आजोबांचे एक चुलते होते, ते इकडे न येता कुनैत्राच्या बाजूला राहिले. सरकारी कागदांत तिकडच्या लोकांनी घराण्याचं नाव सोडून बापाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. मग शोधायचं कसं? आजोबा मरेपर्यंत म्हणत होते, आपली एक फांदी हरवलीय..." आता सुरी खाली ठेवली त्यांनी. तिच्याकडे बघितलं. खूप वेळ. "कागद कुणी दिला, जानसेत?"

तिनं कागद घडी करून मुठीत धरला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, भुशाच्या वासाचा. "मी अजून काही बघितलेलं नाही," ते म्हणाले. "तू काय ते ठरव."

मंगळवारी तिनं निशाण कॉम्प्युटरवर घेतलं. आणि खरं सांगायचं तर, तिनं केलं ते. टिंब पुसलं. आखूड शिंग ओढून लांब केलं. दोन मिनिटांचं काम! पडद्यावर आता कुठल्यातरी दुसऱ्याच घराण्याचा डाग होता, ज्याच्याशी तिचं काही नातं नव्हतं, जो शनिवारी तिला नाऊरला नेऊ शकत होता. बुधवार दुपारपर्यंत तो तसाच राहिला. तिनं दोनदा मशीनवर फळी चढवली, दोनदा उतरवली. कुनैत्रातून एका म्हाताऱ्यानं तेवढी एकच गोष्ट आणली होती... आणि ती ही असली पुसापुशी करत बसली होती. तिसऱ्यांदा फळी चढवली तेव्हा टिंब परत जागेवर होतं.

गुरुवारी इनाल आला तेव्हा टेबलावर त्याची फळी होती, वार्निश लावून चकचकीत. तिच्या शेजारी पेटीचं झाकण. बिजागऱ्या काढून आणलेलं.

"हे काय, दोन कोरलीस?"

"दुसरं मी नाही कोरलं. आमच्या घरचं आहे. पणजोबांचं."

तो आधी हसला. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, मागचं सगळं निघून गेलेलं. खिशातून त्यानं चष्म्याच्या काचा मोजायची चिमट्यासारखी पट्टी काढली. शिंगं मोजली. आकडा मोजला. टिंब. पुन्हा शिंगं.

"डावं," तो म्हणाला. "डावं कदाचित..."

"मी मोजलंय."

"अर्धा मिलिमीटर तरी, जानसेत. लाकूड आहे, जुनं आहे, फुगलं असेल. परत मोजतो."

"मोज."

त्यानं मोजलं. चौथ्यांदा त्यानं पट्टी लावली तेव्हा तिनं त्याचं मनगट धरायला बोटं पुढे केली... आणि मागे घेतली.

"तू हे बदलू शकली असतीस," तो म्हणाला. "मला कळलं नसतं."

"तुला? तुला कळलं नसतं?"

"नाही. मी बघितलंच नसतं." तो फळीकडे बघत होता. "तू दिलेली फळी मी मोजली नसती."

हे ऐकून मात्र जानसेतला रडू आवरेना. तो जवळ आला नाही. दोन पावलं मागे सरकला, ताठ उभा राहिला, शर्टाची बटणं नीट केली. घरातल्या मुलीसमोर, बहिणीसमोर उभं राहतात तसा.

"काका आहेत?" त्यानं विचारलं. "त्यांना सांगायला हवं."

शर्यतीत इनाल चौथा आला. फळी हलली नाही म्हणे, एकाही वळणावर नाही. आणि शनिवारी... शनिवारी झकेरिया काकांच्या अंगणात दीडशे माणसं. हरवलेली फांदी सापडली होती! जेराशहून चुलते आले, नाऊरहून इनालचे मामा आले, चीजच्या गरम पुऱ्यांची ताटांवर ताटं बाहेर येत होती. इनालच्या आजोबांना खुर्चीत बसवून उचलून आत आणलं. झाकण मांडीवर घेऊन म्हातारा रडत होता, आणि त्याला बघून सगळे रडत होते, त्यामुळे कुणी का रडतंय ते कुणाला विचारावं लागलं नाही.

"भाऊ मिळाला गं तुला!" आत्यानं जानसेतचे दोन्ही गाल ओढले. "एकटी होतीस, आता भाऊ आला. नशीबवान आहेस!"

"हो आत्या," जानसेत म्हणाली.

मग अकॉर्डियन सुरू झालं. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. नाच लावून देणारे आजोबा काठी घेऊन रांगांपुढून फिरले, मुलांच्या रांगेतून त्यांनी इनालला बाहेर काढलं, मुलींच्या रांगेकडे वळले. काठी जानसेतसमोर आली. थांबली.

"तू नाही, बाळ," आजोबा प्रेमानं म्हणाले. "हा तुमच्यातलाच." आणि काठी पुढच्या मुलीसमोर गेली. पांढऱ्या ओढणीतल्या, कुठल्यातरी अनोळखी मुलीसमोर.

ती मुलगी लाजत पुढे झाली. इनालनं मान झुकवली, पाठ ताठ केली, पावलं उचलली. त्यानं एकदासुद्धा रांगेकडे पाहिलं नाही. ताल वाढला. मुलींनी टाळ्या धरल्या. जानसेतनंही धरल्या, जोरात, तालाबरोबर, एकही न चुकवता. भाऊ नाचत असला की बहिणीनं सगळ्यात मोठी टाळी द्यायची असते आमच्यात.