जसंच्या तसं

"तुमचीबी केस हाय का?"

जानेवारीतली सकाळ, पावणेसात वाजलेले. लातूरच्या औसा रोडवर भीमाशंकर सरांच्या व्हिसा ऑफिसचं शटर अजून बंद होतं आणि मी जिन्याच्या पायरीवर, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसले होते. विचारणारा माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. गळ्यात मफलर, काखेत फाईल, आणि डोळे असे... जाऊ दे. डोळ्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

मी नुसती मान हलवली. तेवढ्यावर तो शेजारी टेकला आणि मला धीर द्यायला लागला. घाबरायचं नाही, डॉक्टरबाई चांगल्या आहेत म्हणे, रडू आलं तर रडून घ्यायचं, रडलेलं केसला बरंच असतं.

"नवरा कुठं असतो तुमचा? दुबई का अमेरिका?"

"अजून ठरायचंय," मी म्हटलं.

तो हसला. मग शटर उघडलं, आम्ही आत गेलो, आणि मी त्याच्याच शेजारच्या खुर्चीत हेडफोन लावून बसले, तेव्हा त्याला कळलं की मी दुभाषी आहे. गडी कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव अमरेश. उदगीरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत मावसभावाकडे गेला, मुदत संपली तरी तिथेच राहिला, पेट्रोल पंपावर काम केलं आणि तिकडेच जन्मलेल्या अक्षराशी लग्न केलं. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. कुणाला काही न विचारता विमानात बसला आणि इकडे येऊन अडकला. असं मुदतीबाहेर राहिलेल्याला दहा वर्षं परत घेत नाहीत. सूट मिळते, पण त्याच्यावाचून बायकोचे अतोनात हाल होताहेत हे पटवावं लागतं. त्यासाठी वकिलानं मनाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाई नेमल्या होत्या. त्या बायकोशी तिकडे बोलायच्या आणि याच्याशी दर शनिवारी सकाळी व्हिडिओवर. इंग्रजी त्याला येत होतं. पण माणसानं मनातलं आपल्या भाषेत सांगावं, असं बाईंचं म्हणणं.

म्हणजे लग्न झालेला माणूस, आणि हे मला पहिल्या मिनिटाला माहीत होतं. फाईलच माझ्यापुढे होती. मला कुणी फसवलं, असं मी कुठेही म्हणणार नाही.

दुभाष्याचं काम साधं असतं. ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं, काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. तो म्हणायचा, जेवण जात नाही, कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. मी तेच इंग्रजीत म्हणायचे, माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात. तिसऱ्या शनिवारपर्यंत माझंच जेवण जाईना. आईनं, केवळाबाईनं, आधी पित्त म्हणून सुंठ दिली आणि मग नुसतीच माझ्याकडे बघत बसली.

काम संपल्यावर बाहेर बोलायचं नाही, असाही एक नियम. पहिल्या शनिवारी मी तो पाळला. दुसऱ्या शनिवारी तो खाली टपरीवर दोन ग्लास घेऊन उभा.

"माझ्यासाठी नको," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी कोण म्हणलं? मी दोन पेतो."

"मग प्या की."

"एक पेईपर्यंत... दुसरा थंड व्हायलाय, मॅडम. पाप लागंल तुम्हाला."

घेतला मी. काय करू?

आमच्यात काय झालं म्हणाल तर काहीच नाही. माइकची वायर सरळ करताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली, एवढंच. मी नांदेडची, वडील पोस्टात होते, घरात इंग्रजीत एम. ए. झालेली पहिली मी, हे सगळं त्यानं विचारून घेतलं. माझ्या घराची जात त्याला आडनावावरून कळली होती, मला त्याच्या घराची गळ्यातल्या इष्टलिंगावरून. उदगीरच्या त्या घरात मी कधी सून म्हणून जाणार नव्हते. हा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.

चौथा शनिवार शेवटचा. डॉक्टरबाईंनी विचारलं, परवानगी मिळालीच नाही तर तुमचं काय होईल? मी प्रश्न मराठीत सांगितला. अमरेशनं पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळला आणि हळू, जरासा हसत म्हणाला,

"न्हाई मिळाली तर लई बरं होईल. मला आता तिकडं जावंच वाटंना. ही बाजूला बसलीय ना, विशाखा... हिच्यापाशी राहावं वाटतंय."

पडद्यावर बाई पेन धरून थांबल्या होत्या. मी वेळ मारून नेईन, काहीतरी बायकोबद्दलचं सांगून मोकळी होईन, अशी त्याची खात्री होती. मलाच ऐकायला दिलं होतं त्यानं ते, चहाच्या ग्लाससारखं.

मी जसंच्या तसं सांगितलं. नावासकट.

नियम होता म्हणून सांगितलं, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. ते खोटं आहे. जिथं बोललेलं लिहून घेतात, तिथं ते एकदा बोललं जावं, अशी माझी इच्छा होती. तिकडे एक बाई त्याची वाट बघत होती आणि मला त्या क्षणी तिची जराही कीव आली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि थेट त्यालाच विचारलं, हे खरं आहे का?

त्याचा चेहरा उतरला. मग तो इंग्रजीत बोलायला लागला, भराभर, कुठेही न अडखळता. मी अक्षराबद्दल बोलत होतो, हिला मधे नुसती हाक मारली, म्हणाला. आमची उदगीरकडची बोली, त्यात कानडी मिसळलेली, ती हिला समजली नाही. ही नांदेडची आहे. भाषांतर चुकलंय.

बाई मला म्हणाल्या, असं होऊ शकतं का?

मी त्याच्याकडे बघितलं. टेबलाखाली, बाईंना दिसणार नाहीत असे, त्यानं दोन्ही हात जोडले होते.

"हो," मी इंग्रजीत म्हटलं. "माझी चूक झाली."

बाई सभ्य होत्या. राहिलेलं त्याच्याशी इंग्रजीतच बोलते म्हणाल्या आणि मला जायला सांगितलं. पुढच्या कामांना ही दुभाषी नको, हे त्यांनी भीमाशंकर सरांना दुपारी मेलवर कळवलं. पाच वर्षांत माझ्या कामाबद्दल आलेली ती पहिली तक्रार.

मी जिन्यात थांबले होते. थांबायला नको होतं. वीस मिनिटांनी तो खाली आला.

"लई उपकार झाले," तो म्हणाला. "केस गेली असती माझी."

"बोललास ते खरं होतं का?" पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हणत होते.

त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "खरंच होतं."

"मग चल वर. बाईंना परत फोन लावू. हेच त्यांना इंग्रजीत सांग."

तो मफलरचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला की साडेआठची उदगीर गाडी चुकली तर पुढची दहाला आहे, आणि दुकानावर कुणी नाही. रस्ता ओलांडेपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याला परवानगी मिळाली, हे सरांकडून कळलं. आता दीड वर्ष होत आलं. त्या दिवशी जिन्यात तो 'न्हाई' म्हणाला असता, थट्टा केली म्हणाला असता, तर चार दिवस रडून मी त्याला विसरले असते. तो 'हाव' म्हणाला आणि गाडी धरायला गेला. त्याचं खोटं मी माझ्या अंगावर घेतलं, त्याचं मला काही वाटत नाही. ते 'हाव' मात्र मला अजून माफ करता येत नाही.