हरभऱ्यातले हंस

अहो, असे लांब काय बसलात? सरका जवळ. बुवा कीर्तनात आख्यान लावतात ना, तसं एक गोड आख्यान सांगते.

केनवडजवळच्या तलावाचं पाणी ओसरलं की काठचा गाळ उघडा पडतो. त्यात अंजू अन् तिची आई मनकर्णाबाई हिवाळ्यापुरती बाग लावतात – वांगी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, हरभरा. यंदा पौषात तिथे एक पोरगा रोज सकाळी दुर्बीण घेऊन येऊ लागला. बघायचा... लिहायचा.

मोजणीवाला! अंजूला वाटलं. जागा तर सरकारी तलावाची. बाग गेली तर?

चौथ्या दिवशी ती विळ्यासकट त्याच्यापुढे उभी.

"आमची जागा लिहून राह्यले?"

"नाही वो... पाखरं. मी राजपाल, मालेगावले मास्तर हाय."

"पाखरं पान्यात. तुमची दुर्बीण तं वांग्यात हाय!"

त्याचे कान लाल झाले. त्यानं वही पाठीमागे लपवली – संशय दुप्पट! अंजूनं ती हिसकलीच.

'हिमालयापल्याडचे हंस, अकरा, हरभऱ्यात. हिरवी ओढणी, एक, वांग्यात. जवळ गेल्यास ओरडेल.'

ती ओरडलीच नाही. कशी ओरडणार! ओढणीचं टोक मात्र बोटाला गुंडाळत राहिली.

"हे सरकारात गेलं तं... बाग बंद करतीन ना?"

"पयली ओळच जाते. बाग हाय म्हनून हंस उतरतात, असंच लिहितो मी. अन् दुसरी ओळ..." तो अडखळला. "ते तुमी सांगान तिथं जाईन."

तेवढ्यात मनकर्णाबाई धावत आली, मुठीत दगड.

"हंस आपला हरभरा खाऊन राह्यले, अन् तुमी गप्पा मारता? हाकल वं!"

"राहू दे माय. दुरून आले ते... खाऊ दे."

"काहून वं? काल तं तूच दगडं मारत होती!"

अंजूनं मान खाली घातली. आईनं पोरीकडे पाहिलं, मग मास्तराकडे. डोळे बारीक करून, चांगलं निरखून. आणि मुठीतला दगड हळूच गाळात सोडला.

"मास्तर, न्याहारी झाली का तुमची?"

फाल्गुनात अक्षता पडल्या. त्या वर्षी हरभऱ्याच्या चार ओळी हंसांनीच खाल्ल्या.

माउली, एवढं करा – पिकावर पाखरू बसलेलं दिसलं अन् हात दगडाकडे गेला, तर क्षणभर आमच्या मनकर्णाबाईला आठवा.