डाव्या नळीतला बोळा

जळगावच्या सराफ बाजारात ललितच्या नजरेला तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवी. भिंग उजव्या डोळ्याला लावलं की हिऱ्यातला केसाएवढा तडाही त्याला दिसे. त्या डोळ्यावर घर चाले. ज्यांना धड दिसत नाही त्यांची त्याला कीव नाही, किळस येई. त्यात पहिला नंबर तोतारामकाकांचा. एका डोळ्याने आंधळे, जन्मभर केळीच्या बागेत दुनळी बंदूक मांडीवर घेऊन बसले, पण रानडुकराचं शेपूट काही पाडलं नाही. निव्वळ भागूबाई.

काका गेले. परवाना ललितच्या नावावर झाला, आणि कुंदाकाकू बंदूक घेऊन पिंप्राळ्याला ललितच्या घरी आल्या. डाव्या नळीत चिंध्यांचा बोळा ठासून वर मेण ओतलेलं.

"तो काढू नको, भाऊ. डाव्या नयीले डोया नको लावू. त्याईनं लावला व्हता."

"काकांना काय दिसलं असणार, डोंबल," ललित म्हणाला. काकू चहा अर्धा टाकून उठल्या.

भर दुपारी त्याने बंदूक उघडली, बोळा उपसला. गजाला तेलाचं फडकं गुंडाळून दोन्ही नळ्या पुसल्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरल्या. उजवी लख्ख. डावीच्या टोकाशी काळा ठिपका. गंज असेल. पुन्हा फडकं फिरवलं, ते कोरंच निघालं. ठिपका मात्र मोठा झाला होता.

तिसऱ्यांदा उजवा डोळा नळीला लावून पाहिलं.

तो डोळा होता. पापणी अर्धी पडलेली, काकांची पडे तशी. ती सुटल्यासारखी मिटली, आणि नळी स्वच्छ झाली. पलीकडे रस्ता, रस्त्यावर स्कूटर.

बायको चारुलता दारात हसत उभी. "गोळी नाही, बार नाही, तरी दचकलात? काकांवर गेलात."

हे त्याला झोंबलं. बंदूक त्याने त्याच पावली दिवाणखान्यात भिंतीवर टांगली, नळ्यांची तोंडं सोफ्याकडे. बोळा कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाने अंगठी पुढे केली. ललितने भिंग लावलं. अंगठी दिसेना.

भिंग पुसलं. डावा डोळा घट्ट मिटला.

गोल उजेड होता. उजेडात त्याचाच दिवाणखाना, सोफा, फिरता पंखा. चारुलता फडकं घेऊन भिंतीवरच्या बंदुकीकडे, त्याच्याच रोखाने येत होती.

त्याने चाचपडत तिला फोन लावला. सोफ्यावर तिचा फोन उजळलेला त्याला दिसला. तिने वळून पाहिलं नाही.

तिने पदर खोचला, एक डोळा मिटला, आणि हसत हसत दुसरा डाव्या नळीजवळ आणला.